चाकाच्या खुर्चीची साक्ष

मी खुर्ची बोलतेय. चाकांची. हसू नका, मलाही हसता येतं. माझं हसू कुरकुर वाजतं, एवढंच. ते ऐकलं की तुम्ही म्हणता, हिला तेल घाला.

मला लिहिता-वाचता येत नाही. माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगात काहीतरी लिहिलंय. लोक ते वाचतात, मान डोलावतात आणि माझ्यापासून चार हात लांब उभे राहतात. म्हणजे बहुतेक देवाधर्माचंच असणार.

माझा जन्म कारखान्यातला. ज्यानं मला जोडलं त्याचं त्या दिवशी घरी वाजलं असावं, कारण ब्रेकचा दांडा त्यानं असा काही बसवला की जो कोणी बेसावधपणे हात लावेल त्याचं बोट मी चावते. गरीब बिचाऱ्यांना चावत नाही, सांभाळून घेते. पण मोठ्यानं बोलणारे असले की मला राहवत नाही.

आधी मी दवाखान्यात होते. तिथे नव्या चकचकीत खुर्च्या आल्या आणि मला एका देवळाला देऊन टाकलं. येशूचं देऊळ, लाकडी बाकांचं, उंच पायऱ्यांचं. तिथल्या मंडळीनं ठरवलं, ज्याला गरज आहे त्यानं हिला घरी न्यायचं. बरं झालं की त्यानंच मला मधल्या वाटेनं ढकलत वेदीपर्यंत आणायचं. मग सगळे उठून टाळ्या वाजवणार आणि तो साक्ष देणार, म्हणजे देवानं आपल्याला कसं बरं केलं ते सगळ्यांसमोर सांगणार.

एकाचा घोटा मुरगळला होता. तो माझ्याशिवायही बरा झाला असता, मांजरसुद्धा आपोआप बरं होतं. पण साक्ष अशी दिली की जणू कबरीतून उठून आलाय. बायका डोळे पुसत होत्या. झालं, मंडळीला चटक लागली.

जे बरे झाले नाहीत, त्यांच्या घरचे मला मागच्या दारानं आणून ठेवायचे. त्यांच्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांना कोणी बसा असंही म्हटलं नाही.

मग मी काकूंकडे गेले. काकू शिवणकाम करायच्या. देवळातल्या गाणाऱ्यांचे सगळे पांढरे झगे त्यांच्याच हातचे. जिन्यावरून पडल्या आणि कमरेखाली सगळं गप्प झालं. डॉक्टरनं मान हलवली.

काकूंनी मला पहिल्याच दिवशी नीट निरखलं आणि म्हणाल्या, "तू पण माझ्यासारखीच दिसतेस गं. वरून धड, खालून कुरकुर." मला बाई आवडली. तिनं माझ्या हातावर कात्री टांगली, दुसऱ्या हातावर सुतळीत ओवलेल्या दोऱ्याच्या रिळांची माळ. मला वाटलं, चला, निदान हिच्या घरी काहीतरी काम तरी चालतं.

आता या बाईच्या भोवतीची माणसं सांगते. जरा नाक धरून ऐका.

एक होते देवळाचे मोठे पंच. सगळे त्यांना पाठीमागे आमेनकाका म्हणायचे, कारण दुसऱ्याची प्रार्थना संपायच्या आधीच यांचं आमेन तयार. विश्वास असा जबरदस्त की काय सांगू! फक्त तो नेहमी दुसऱ्याच्या दुखण्यावर चालायचा. स्वतःची दाढ दुखली तेव्हा दातांच्या डॉक्टरकडे धावत गेले होते, मी पाहिलंय.

दुसरी काकूंची धाकटी बहीण, गोडताई. यायची, गालावरून हात फिरवायची, "होशील गं बरी, बघ तू," म्हणायची आणि चहाचा कपसुद्धा न विसळता जायची. आशेनं नुसती ओसंडून वाहत होती. ओसंडलेलं पुसायचं दुसऱ्यांनी.

आणि तिसरे काकूंचे नवरे, गवंडी. काकूंना उचलायचे, न्हाऊ घालायचे, पाठ चोळायचे, रात्रंदिवस. देवळात मात्र फारसे यायचे नाहीत, आणि काकू पुन्हा दाराबाहेर पडतील असं त्यांना अजिबात वाटत नव्हतं. काकूंनी खिडकी उघडा म्हटलं की म्हणायचे, "वारा लागेल." मला गल्लीत न्या म्हटलं की म्हणायचे, "धक्का लागेल." माया खूप. पण त्या मायेला बाहेरून कडी होती.

तेवढ्यात काकूंच्या लेकीला बाळ झालं. मुलगी. बाप्तिस्म्याचा रविवार ठरला; त्या दिवशी देवळाचे धर्मगुरू, म्हणजे पाळक, बाळाच्या डोक्यावर पाणी घालून तिला मंडळीत घेणार होते. लेक म्हणाली, "आई, बाळाला पाळकांच्या हातात तूच द्यायचंस. दुसरं कोणी नको." काकूंनी कात्री काढली आणि त्याच दुपारी पांढरं झबलं बेतायला घेतलं. माझ्यात बसून, मशीनचं चाक हातानं फिरवत. मी त्या दिवसांत ब्रेक अगदी घट्ट धरून ठेवला होता. कोणाला सांगू नका, माझी अब्रू जाईल.

देवळात मात्र बऱ्याच दिवसांत कोणी साक्ष दिली नव्हती. टाळ्यांचे हात शिवशिवत होते. एका संध्याकाळी आमेनकाका प्रार्थनेचा घोळका घेऊन काकूंच्या घरी आले.

"बाई," ते म्हणाले, "खुर्ची आता परत करायची. विश्वासानं! खुर्ची घरात आहे तोवर तुमचा भरवसा देवावर नाही, चाकांवर आहे."

काकूंनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. "पंचसाहेब, तुमचा चष्मा नवा आहे का?"

"हो. का?"

"काही नाही. छान दिसतो."

घोळक्यातल्या एका आजीबाईंना खोकला आला. तो खोकला नव्हता.

गोडताईनं पिशवीतून एक खोकं काढलं. टाचेच्या नव्याकोऱ्या चपला. "ताई, बाप्तिस्म्याला तू या घालून चालत येणार! मला खात्री आहे."

"तुला खात्री आहे तर तूच घाल," काकू म्हणाल्या. "आणि मला विचारलंत का कोणी? मला झबलं—"

पण आमेनकाकांनी डोळे मिटले होते आणि प्रार्थना सुरू झाली होती. यांच्यात प्रार्थना चालू असताना मध्ये बोलायचं नसतं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. काकूंनाही घालावी लागली. दोघांनी त्यांना उचलून खाटेवर ठेवलं, डोळे मिटूनच, आणि माझी घडी घातली. गवंडी दारात उभे होते. त्यांना वाटलं असतं तर अडवलं असतं. म्हणाले, "न्या. नाहीतरी ती आता कुठे जाणार आहे? मी आहे ना बघायला." प्रार्थना संपली तेव्हा मी गल्लीत पोचले होते. आमेन मला लांबून ऐकू आलं.

एका पांगळ्या बाईची खुर्ची तिच्या भल्यासाठी पळवणारी ही माणसं! चोरसुद्धा निदान लाजतो.

मला देवळामागच्या खोलीत, फाटक्या गीतपुस्तकांशेजारी टाकलं. पुढचं मी पाहिलं नाही, पण काकू ही गोष्ट भेटेल त्याला सांगतात, म्हणून मला पाठ आहे.

रविवारची सकाळ उजाडली. झबल्याची एक बाही शिवायची राहिली होती, कारण खाटेवर पडून मशीन चालत नाही. काकूंनी नवऱ्याला हाक मारली.

"अहो, खुर्ची आणा."

"कशाला जिवाला त्रास? लेक बाळाला घेऊन येईल इथेच. मी तुला काही कमी पडू देतोय का?"

"नाही. सगळं करता. पण मनातून तुम्ही मला कधीच पुरलंय. पुरलेल्या माणसाची एवढी सेवा कशाला करता?"

गवंडी भिंतीकडे वळले. स्वतःच बांधलेली भिंत होती ती.

"डॉक्टर म्हणाला, पाय येणार नाहीत."

"पायांचं कोण बोलतंय? पाय द्यायचे ते देव देईल. इथे नाही दिले तर तिकडे देईल, मी काही विसरायची नाही. आज मला माझ्या नातीला हातात घेऊन त्याच्यापुढे जायचंय. खुर्ची तेवढी तुम्ही द्या."

गवंडी देवळात आले तेव्हा आमेनकाका दारातच होते. त्यांनी आख्ख्या मंडळीला सांगून ठेवलं होतं की आज काकू चालत येणार. माणसं पायऱ्यांवर माना लांब करून उभी होती.

"खोलीची चावी द्या," गवंडी म्हणाले.

"बंधू, हा अविश्वास आहे."

"माझा अविश्वास माझा मी बघून घेईन. तिचा विश्वास बसून यायला तयार आहे. चावी."

चावी घेऊन गवंड्यांनी मला खोलीतून बाहेर काढलं, तशी आमेनकाकांनी मला थांबवायला ब्रेकच्या दांड्यावर हात टाकला. मी किती दिवसांपासून वाट बघत होते! ते जे बोलले ते शास्त्रात नाही.

अर्ध्या तासात काकू माझ्यात बसून देवळापुढे आल्या. गर्दीला चमत्कार हवा होता आणि आली मी.

आमेनकाका बोट चोखत पुढे आले. "बाई, अजून वेळ आहे. उठा. फक्त विश्वास धरा." गोडताई चपला घेऊन खाली वाकली.

काकूंना उठायचं नव्हतं असं समजू नका. माझ्या दोन्ही हातांवर त्यांची पकड आवळली, आणि मला कळलं की ही बाई रोज सकाळी, कोणी बघत नसताना, असंच करत आली होती. पाय हलले नाहीत. तेव्हा कोणी हसलं असतं तर मी त्याच्या पायावरून गेले असते.

मग त्यांनी एक श्वास सोडला आणि म्हणाल्या, "पंचसाहेब, माझा विश्वास आहे. तुमचाही आहे ना?"

"अर्थात!"

"मग मागचं चाक धरा."

आमेनकाकांनी आधी आपल्या सुजलेल्या बोटाकडे पाहिलं, मग चाकाला हात घातला.

"आणि तू गं, चपला ठेव बाजूला. मी बरी होण्याची वाट बघायचीय ना तुला? बघ. पण पुढचा दांडा धरून बघ. अहो, तुम्ही एकटे नका उचलू. तुमची पाठ गेली तर माझं कोण करणार?"

पहिल्या पायरीवर आमेनकाकांनी उचलायच्या आधी डोळे मिटले, गोडताईनं नको तेव्हा उचललं, आणि गवंड्यांनी सवयीनं सगळं वजन आपल्याकडे ओढलं. मी अशी कलंडले की रिळांची माळ तुटून रिळं घरंगळत खाली गेली.

"अरे, मला पाडता का?" काकू ओरडल्या. "एकमेकांकडे बघा! माझ्याकडे नका बघू, मी कुठे पळून जात नाहीये. हं, आता एकदम!"

उचललं. मग पुढची पायरी. मग पुढची. गोडताई पहिल्यांदाच घामानं भिजलेली दिसत होती. वर पोचल्यावर आमेनकाका धापा टाकत होते आणि त्यांना आमेन म्हणायलाही दम उरला नव्हता. तो चमत्कार मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

काकूंच्या मांडीवर बाळ ठेवलं. झबल्याची एक बाही टाचणीनं अडकवली होती, ती काकूंनी तळव्याखाली झाकली. बाळानं माझ्या गादीवर जे करायचं ते केलं. काकूंनी पुढे वाकून तिला पाळकांच्या हातात दिलं. पाळकांनी मंडळीला विचारलं, या लेकराला तुम्ही सगळे मिळून सांभाळाल का? सगळे पुटपुटले, हो. गवंड्यांचं हो मागून आलं, उशिरा, एकट्याचं, बांधकामावर हाक मारतात तेवढ्या मोठ्यानं. लोक वळून बघायला लागले. ते मुळीच लाजले नाहीत.

पुढच्या रविवारी पाळकांनी विश्वास, आशा आणि प्रीती यांच्यावर लांबलचक प्रवचन दिलं आणि मला नमुना म्हणून समोर उभं केलं. मला डुलकी लागली. माझं अडाणी डोकं एवढंच सांगतं: विश्वास एकटा असला की दुसऱ्याच्या पायांवर हुकूम सोडतो. आशा एकटी असली की चपला घेऊन येते. प्रीती एकटी असली की दार लावून बसते. मी या तिघांनाही एकेकटं पाहिलंय आणि तिघांचीही मला कीव येते. काकूंच्या ठायी मात्र या तिघांतलं कुठलं कुठे संपतं ते मला कधी कळलं नाही, आणि मी तर चोवीस तास त्यांच्या खाली असते.

आता मी म्हातारी झालेय. गादी दोनदा बदलली, एका चाकाची तार गेलीय. काकूंचे पाय आले नाहीत. देवळाच्या पायऱ्यांच्या बाजूला गवंड्यांनी सिमेंटचा उतार बांधलाय. गोडताईनं त्याला रोज पाणी मारलं. आमेनकाकांनी माल कालवला, वाईट कालवला, पण कालवला. तुम्हाला वाटेल मी आता यांच्यावर प्रेम करते. छे! रोज नाक मुरडते. माणसं सुधारतात, पण मुंगीच्या पावलानं, आणि वाटेत प्रत्येक ठिकाणी स्वतःचं कौतुक करत.

परवाच आमेनकाका आले होते. म्हणाले, "बाई, तुमच्यासाठी प्रार्थना करू का?"

"करा की. पण आधी मला खिडकीशी न्या."

त्यांनी मला ढकलायला घेतलं, सवयीनं डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली. दुसऱ्याच वाक्याला मी आणि काकू कपाटावर धडकलो. काकू इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

तर बाबांनो, माझं मागणं मोठं नाही. प्रार्थना करा, जरूर करा. फक्त कोणाला ढकलत असाल तेव्हा डोळे उघडे ठेवून करत जा. देव काही रागावत नाही त्याला.