पाणमांजरांचा पत्ता

फ्रेम डावीकडे कलली आहे असं तिघांनी सांगून झालं, तेव्हा शिपायाने स्टुलावरूनच मान वळवून विचारलं, "आता?" मुख्य अभियंत्यांनी दोन पावलं मागे जाऊन डोळे बारीक केले आणि मान डोलावली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या.

फोटोत पाणमांजर होतं. अर्धं पाण्याबाहेर, तोंडात आडवा मासा, मिशांवरचे थेंब मोजता यावेत इतकं स्वच्छ. खालच्या पट्टीवर छापलं होतं, 'छायाचित्र: फोरमन, पंपगृह'. फोरमन दाराशी अवघडून उभे होते. हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून त्यांनी ते पाठीमागे बांधले होते. साहेब बोलले ते थोडक्यात असं, की या जलशुद्धीकरण केंद्रात त्यांची सतरा वर्षं गेली, पण आपल्या तळ्यात असं जनावर आहे याचा त्यांना पत्ता नव्हता. फोरमननी सगळ्यांचे डोळे उघडले.

ती फरशीकडे बघत राहिली. फरशीचा एक कोपरा उडाला होता.

केंद्राच्या प्रयोगशाळेत ती सव्वीस वर्षं पाणी तपासत होती. सगळे तिला लॅबताई म्हणत. रोज सकाळी साडेसहाला बाटल्यांची पेटी घेऊन ती तळ्याच्या काठाने फिरायची, चार ठिकाणचे नमुने घ्यायची, मग दिवसभर त्यांचा गढूळपणा, क्लोरीन आणि बाकीचं काय काय मोजायची. पाणमांजरं तिने पहिल्यांदा पाहिली त्याला अकरा वर्षं झाली होती. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं वाटलं नाही असं नाही; आपलं असं काहीतरी असावं, एवढंच.

चार वर्षांपूर्वी फोरमनची बायको गेली. माणूस कामावर यायचा, पंप चालू करायचा, बंद करायचा आणि दिवसभरात चार शब्द बोलायचा नाही. डबा उघडायचा आणि तसाच मिटायचा. एके सकाळी ती त्यांना म्हणाली होती, "चला, तुम्हाला एक गंमत दाखवते." पूर्वेच्या काठावर झुडपाआड दोघं पाऊण तास बसले. दोन पाणमांजरं आली, एकमेकांच्या अंगावर लोळली, पाण्यात गेली. त्या दुपारी फोरमननी डबा संपवला. तिला बरं वाटलं होतं. खरंच बरं वाटलं होतं.

मग त्यांच्या परगावच्या लेकीने त्यांना कॅमेरा पाठवला. कोपरापर्यंतच्या हाताएवढी लांब लेन्स, तिला धरायला वेगळी तिकाटी. फोरमन रोज सकाळी तळ्यावर जायला लागले. आता शाळेची मुलं सहलीला आली की फोरमनना बोलवायचे. बाहेरचं कुणी आलं की साहेब म्हणायचे, "आमच्या फोरमनना भेटा, पाणमांजरवाले."

आपल्याला मत्सर वाटतोय हे तिच्या लक्षात यायला दुपार झाली. एक साधी चाचणी करताना तिने दोन थेंब जास्त टाकले आणि सगळी बाटली लाल झाली. सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं. तिने नमुना ओतून दिला आणि बेसिनपाशी उभी राहिली. बरं, तक्रार करायची तर कुणाकडे आणि काय म्हणून? त्यांनी काही चोरलं नव्हतं. तिनेच त्यांचा हात धरून नेलं होतं.

नवऱ्याचं शिलाईचं दुकान होतं. संध्याकाळी तो काजं करत बसला होता तेव्हा ती म्हणाली, की मला कॅमेरा घ्यायचाय. त्याने चष्म्यावरून पाहिलं. लग्नाला तीस वर्षं झाली, हिने स्वतःसाठी मागितलेली ही तिसरी किंवा चौथी वस्तू असेल. तो म्हणाला, "घे की. पण फोरमनसारखी तोफ आणू नकोस. ठेवायची कुठे?"

फोरमनचं नाव तिने काढलंच नव्हतं. ती स्वयंपाकघरात निघून गेली.

पुढचे आठ दिवस जेवणाच्या सुट्टीत ती मोबाईलवर कॅमेऱ्यांबद्दल वाचत बसली. तोफ परवडणारी नव्हतीच. पण एक जात अशी होती, की जिची लेन्स बदलता येत नाही आणि तीच एक लेन्स लांबवरचं जवळ आणते. सुपरझूम म्हणायचे त्याला. नमुन्यांच्या कोऱ्या तक्त्यावर तिने रकाने आखले: झूम किती, वजन किती, डोळा लावून बघायची खिडकी आहे की नाही, हात हलला तर सांभाळून घेतो का, आवाज करतो का.

दुकानदार पन्नाशीचा, बोलण्यात सावकाश. काय काढायचंय, असं त्याने विचारलं. पक्षी, असं तिने सांगितलं. आपण खोटं का बोललो हे तिचं तिलाच कळलं नाही. त्याने काउंटरवर तीन कॅमेरे मांडले. एक एवढासा, पर्समध्ये मावणारा. पण त्याला खिडकी नव्हती, उन्हात पडद्यावर काही दिसलं नसतं. दुसऱ्याच्या खोक्यावर झूमचा आकडा सगळ्यात मोठा. पण तो हातात घेतला तर पाणी भरलेल्या बाटल्यांच्या पेटीसारखा मनगट ओढत होता. तिसरा मधला.

तिने सरळच विचारलं, "यातला कुठला मोठ्या कॅमेऱ्याच्या तोडीचा येईल?"

"खरं सांगू? कुठलाच नाही," दुकानदार म्हणाला. "याच्या आतला सेन्सर नखाएवढा. चांगल्या उजेडात झकास येईल. पहाटेच्या अंधुक उजेडात रवाळ येईल, दाणे दाणे दिसतील. पण हा गळ्यात अडकवून तुम्ही रोज जाल. तोफा पुष्कळदा कपाटात राहतात."

फोरमनची कपाटात राहत नाही, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

मग त्याने मधला कॅमेरा तिच्या हातात दिला आणि समोरच्या तीन मजली इमारतीवरची टाकी दाखवली. झूम शेवटपर्यंत न्या, म्हणाला. इतक्या लांबवर नेलं की बहुतेकांच्या हातात चित्र नाचतं. तिने कोपर बरगड्यांना टेकवले, श्वास अर्धा सोडला आणि थांबली. हे तिला शिकवावं लागलं नाही. पिपेटमधून थेंब सोडताना ती सव्वीस वर्षं असाच श्वास धरत आली होती. तिने बटण दाबलं. दुकानदाराने फोटो मोठा करून पाहिला, परत पाहिला. टाकीच्या झाकणावर बनवणाऱ्याचं नाव ठोकलेलं होतं, ते वाचता येत होतं.

"हात चांगला आहे तुमचा," तो म्हणाला.

असं तिला कुणी कधी म्हटलं नव्हतं. शोकेसमधला तोच कॅमेरा दुकानदाराने किंमत थोडी कमी करून दिला आणि तिने तो घेतला.

पहिले दोन महिने फोटो वाईटच आले. रवाळ, हललेले, नुसती शेपटी. तिने ते नवऱ्यालासुद्धा दाखवले नाहीत. कॅमेरा बाटल्यांच्या पेटीत, टॉवेलखाली जायचा आणि टॉवेलखालीच परत यायचा. साहेबांच्या खोलीत सह्या घ्यायला गेली, की तिची नजर फ्रेमवर जायची आणि मग फ्रेमशेजारच्या रिकाम्या भिंतीवर. तिथे अजून एक फ्रेम सहज बसली असती.

उन्हाळा चढला, तळ्याचं पाणी उतरलं, आणि पूर्वेच्या काठावरून पाणमांजरं नाहीशी झाली. चार-पाच दिवसांनी ती तिला सापडली. जुना कालवा जिथे तळ्यापासून फुटायचा, तिथल्या दगडी बांधाखाली कपार उघडी पडली होती. तो कालवा कधीचाच बंद झाला होता, तिथे फक्त तीच जायची, नमुन्यासाठी. मादी होती, आणि तीन पिल्लं.

त्या दिवशी दहाच्या सुमारास फोरमन पंपगृहाचा कागद घेऊन प्रयोगशाळेत आले. त्यांनी विचारलं, "ताई, तुम्ही काठाने फिरता. दिसली का हो कुठे?"

बाटलीवर चिठ्ठी चिकटवत, मान वर न करता ती म्हणाली, "नाही हो. पाणी उतरलंय ना. वर नदीकडे गेली असतील."

"येतील परत," फोरमन म्हणाले.

त्यानंतर ते दोन-चार दिवसांनी विचारायचे, आणि ती तेच सांगायची. पहिल्यांदा जीभ अडखळली होती, नंतर अडखळली नाही. रोज सकाळी ते पूर्वेच्या काठावर जाऊन बसायचे आणि ती तळ्याच्या या टोकाला दगडाआड बसून फोटो काढायची. आता उजेड लवकर येत होता, कॅमेरा हाताला सरावला होता. एके दिवशी मादीने पिल्लाला मानगुटीला धरून पाण्यात सोडलं. पिल्लाने चारही पाय ताणले होते आणि तोंडावर असा भाव, की जगात इतका अन्याय कुणावरच झाला नसेल. तो फोटो स्वच्छ आला. फोरमनच्या फोटोहून चांगला, हे तिला बघताक्षणी कळलं. ती दगडाला टेकून बसली. आणि मग लक्षात आलं, की हा दाखवायचा तर कुठे मिळाला हेही सांगावं लागेल. तिने कॅमेरा टॉवेलखाली ठेवला.

पलीकडच्या काठावर फोरमन ठिपक्याएवढे दिसायचे. एकदा तिने सहज झूम तिकडे वळवला. ठिपक्याचा माणूस झाला. इस्त्रीचा सदरा, खाली घडी केलेलं पोतं. तिकाटी नव्हती, लेन्स नव्हती, गळ्यात काहीच नव्हतं. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघणाऱ्यासारखे ते गुडघ्यांवर हात ठेवून नुसते पाण्याकडे बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी घड्याळ पाहिलं, पँट झटकली आणि उठले. तिने बटण दाबलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, की कॅमेरा दिसत नाही हल्ली. फोरमन म्हणाले, की तो लेकीकडे परत पाठवला; खांदा धरलाय, एवढं वजन उचलवत नाही. आणि तसंही या महिनाअखेरीला निवृत्ती, मग लेकीकडेच जायचं आहे. मग दारापर्यंत गेलेले ते थांबले.

"एक फोटो आला, पुरे झालं. मी फोटोसाठी जातच नव्हतो, ताई. तुम्ही त्या दिवशी नेलंत ना, तेव्हापासून सकाळ झाली की उठावंसं वाटायला लागलं. जायच्या आधी एकदा दिसली असती तर बरं झालं असतं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द तयारही होते. पण त्याही क्षणी तिला त्यांचा हेवाच वाटला: फोटो यांचा, भिंत यांची, आणि आता मोठेपणाही यांचाच. ती म्हणाली, "बघू." पुढचे नऊ दिवस ती काही बोलली नाही.

त्यांच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी ती स्वतः पंपगृहात गेली. पंपांच्या घरघरीत तिला दोनदा सांगावं लागलं. "उद्या साडेसहाला जुन्या कालव्याच्या तोंडाशी या."

ते सव्वासहालाच आले होते. दोघं दगडाआड बसले. पण दोन दिवसांपूर्वी वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं. तळं हातभर चढलं होतं आणि कपार बुडाली होती. हे तिला ठाऊक होतं, तरी तिने आशा धरली होती. सात वाजले, साडेसात वाजले. एक बगळा आला आणि गेला. बांधावरच्या सपाट दगडावर माशाचे खवले वाळून चिकटले होते. फोरमननी एक खवला नखाने उचकटून तळहातावर घेतला.

"इथं होती?"

"हो."

"पिल्लं?"

"तीन."

"तीन," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग त्यांनी विचारलं, की किती दिवस होती.

"आठ-दहा दिवस असतील," ती म्हणाली.

मग तिने पेटी उघडली, टॉवेल बाजूला केला आणि कॅमेरा काढला. ऊन वर आलं होतं, पडद्यावर काही दिसेना. फोरमननी चष्मा लावला आणि दोन्ही तळव्यांची ओंजळ करून पडद्यावर सावली धरली. धरलेला खांदा वर करताना त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण त्यांनी हात खाली घेतला नाही.

ती एकेक फोटो मागे नेत गेली. मादी. मादी आणि दोन पिल्लं. पाण्यात पाय ताणलेलं पिल्लू. त्यावर ते बराच वेळ थांबले. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात, पिवळ्या बारीक आकड्यांत तारीख होती. या महिन्याच्या तारखा सरल्या. गेल्या महिन्याच्या लागल्या. अठ्ठावीस, सत्तावीस, पंचवीस. तिचा अंगठा बटणावर थांबला.

फोरमनचे डोळे कोपऱ्यावर होते. दूर केंद्रावर आठचा भोंगा झाला आणि थांबला.

"पुढचा दाखवा," ते म्हणाले, आणि ऊन सरकलं होतं म्हणून त्यांनी ओंजळ थोडी तिच्या बाजूला वळवली, तिलाही दिसावं अशी.