म्या तर घरातच बसलीय

केडगावात कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या राजनंदिनीनं लिनक्ससारखी मोकळी, फुकट सॉफ्टवेअरं वापरणाऱ्यांसाठी मराठीत एक साइट काढली. अडलं ते विचारायचं, येतं त्यानं सांगायचं. नाव ठेवलं 'विचारा की'. पण विचारतंय कोण? आपल्याकडे माणूस भलत्याच गावाला पोचेल, पण रस्ता विचारणार नाही. साइट ओस पडली.

प्रश्न येत होते ते फक्त फोनवर, झुंबरआत्याचे. आत्याच्या घराच्या पुढच्या खोलीत गावाचं दूध संकलन केंद्र होतं आणि तिथल्या कॉम्प्युटरवर राजनंदिनीनंच मराठीतलं लिनक्स टाकून दिलं होतं. भाचीला विचारायची कसली लाज?

"नंदे, ह्यो म्हंतोय 'घर' सापडत न्हाई. आन् म्या तर घरातच बसलीय!"

राजनंदिनी पोट धरून हसली. 'घर' म्हणजे आपल्या फायली राहतात ते फोल्डर, असं तिनं समजावलं. मग तोच प्रश्न शब्दन्‌शब्द साइटवर टाकला, 'रंगुबाई' या नावानं. लोक तुटून पडले. हसले, उत्तरं दिली आणि हळूहळू स्वतःचंही विचारू लागले. रंगुबाईपेक्षा अडाणी आपण नक्कीच नाही, एवढा धीर सगळ्यांना आला. मग आत्याचा प्रत्येक फोन साइटवर जाऊ लागला. नाव तर बदललंय, असं राजनंदिनी मनाला सांगायची. मन ऐकायचंही. सोयीचं असलं की ऐकतंच ते.

साइटला वर्ष झालं तेव्हा नगरला एका हॉलमध्ये मेळावा ठेवला. साइटवरच्या पोरांनी हौसेनं फ्लेक्स लावला: 'म्या तर घरातच बसलीय!' जो येई तो फ्लेक्सखाली उभा राहून तेच वाक्य हेल काढून म्हणे आणि फोटो काढून घेई.

आत्याला बोलावलंच नव्हतं. पण राजनंदिनीच्या वडिलांनी कौतुकानं बहिणीला कळवलं आणि ती ठेवणीतलं लुगडं नेसून, खरवसाचा डबा घेऊन एसटीनं आली. दारातच थांबली. फ्लेक्स वाचला. हेल ऐकला. राजनंदिनीला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं.

"आत्या, मी..."

"हे म्या तुला इचारलं हुतं, नंदे," आत्या हळूच म्हणाली. मग डबा उघडला. "घ्या रं पोरांनो, खरवस हाय." सगळ्यांना वाटून ती आल्या पावली परतली.

त्यानंतर फोन थांबले. राजनंदिनीनं आत्याला लावायला दोनदा फोन उचलला, शरमेनं ठेवून दिला, तिसऱ्यांदा लावला.

"समदं बरं चाललंय की. काय अडचन न्हाई," आत्या म्हणाली.

त्याच आठवड्यात साइटवर नावाशिवाय एक प्रश्न आला. 'माननीय महोदया, आमच्या दूध संकलन केंद्रातील संगणकावरून दुधाची पावती छापली जात नाही. कृपया मार्गदर्शन करावे. भाषेत चूक असल्यास क्षमा असावी. कृपया हसू नये.'

एकेक शब्द कुणाकडून तरी तपासून घेतल्यासारखा होता. राजनंदिनीचे डोळे भरून आले. 'आत्या' असं लिहून तिनं ते खोडलं. शेवटी नुसतं उत्तरच लिहिलं, सावकाश, एकेक पायरी सांगत.

थोड्या वेळानं खाली ओळ उमटली: 'पावती निघाली. आपली आभारी आहे.'

आत्यानं तिला जन्मात पहिल्यांदा 'आपण' म्हटलं होतं.