डबामास्तरची परीक्षा

मी एक संगणक बोलतोय. आजकालच्या रंगीत, गाणी म्हणणाऱ्या संगणकांपैकी नव्हे. माझ्या काळ्या पडद्यावर फक्त हिरवी अक्षरं उमटायची, आणि तीही दम्याच्या म्हाताऱ्याने जिना चढावा तशी, थांबत थांबत. पण एके काळी मी मास्तर होतो. सातपाटीच्या वाटेवरच्या एका प्राथमिक शाळेत तिसरी 'अ'ला मी गणित शिकवायचो. खरं तर मी शिकवू शकतो की नाही, हेच तपासायला मला तिथे नेलं होतं.

मुंबईतल्या एका लहानशा कारखान्यात माझी जुळणी झाली. सुरुवातीला मी एका कचेरीत होतो. तिथले हेडक्लार्क मला रोज सकाळी उदबत्ती ओवाळायचे, माझ्यावर प्लॅस्टिकचं आवरण घालायचे आणि हिशेब मात्र हातानेच करायचे. देव म्हणून माझं बरं चाललं होतं. पण १९८९ साली प्रताप नावाच्या तरुणाने मला आणि माझ्या तीन भावंडांना मागून घेतलं, टेम्पोत घातलं आणि पालघरची वाट धरली.

प्रताप मूळचा एडवणचा, केळी-नारळाच्या वाडीत वाढलेला. मुंबईच्या एका संस्थेत तो पीएच.डी. करत होता. त्याचा प्रश्न सरळ होता : संगणकाकडून शिकलेली मुलं गणितात पुढे जातात का? उत्तर त्याच्याकडे आधीपासूनच होतं, फक्त संशोधन व्हायचं बाकी होतं. बेरीज-वजाबाकीचा कार्यक्रम त्याने स्वतः रात्रंदिवस खपून लिहिला होता. कळांवरचे अंक इंग्रजी, मुलांना ओळख मराठी अंकांची. म्हणून त्याच्या आईने चिकटपट्टीवर १, २, ३ लिहून माझ्या कळांवर डकवले होते. त्यातला ५ थोडा वाकडा होता.

शाळेत तिसरीच्या दोन तुकड्या होत्या. एकीला माझ्याकडून शिकवायचं, दुसरीला नेहमीसारखं खडू-फळ्यावर, आणि वर्षाच्या शेवटी दोघींची एकच परीक्षा घ्यायची, असा बेत होता. कोणत्या तुकडीला मी मिळणार, ते नाणं उडवून ठरलं. छापा आला आणि मी 'अ'च्या मंजुळाबाईंकडे गेलो. 'ब' तुकडी होती विश्राम गुरुजींची.

हे विश्राम गुरुजी एडवणला असताना त्यांनी प्रतापलाच तिसरीत शिकवलं होतं. निवृत्ती जवळ आली होती. मधल्या सुट्टीनंतर ते मुलांना पाढे लिहायला सांगायचे आणि स्वतः खुर्चीत डोळे मिटून 'विचार' करायचे. दोन वर्गांच्या मध्ये फक्त लाकडी फळ्यांची भिंत होती, त्यामुळे त्या विचारांचं घोरणं मला स्वच्छ ऐकू यायचं.

"गुरुजी, तुम्ही काही वेगळं करायचं नाही," प्रतापने त्यांना बजावलं. "नेहमीसारखं शिकवायचं."

"म्हणजे तुझा डबा जिंकायला मोकळा," गुरुजी हसले. पण मला ते हसणं जरा कोरडं वाटलं.

मुलांनी तो 'डबा' उचलला आणि पहिल्याच दिवशी मी 'डबामास्तर' झालो. बहुतेक मुलं कोळ्यांची, अंगाला सुकटीचा वास, खिशात शिंपले. एकेका यंत्रापुढे दोघं-दोघं बसायची. उत्तर बरोबर आलं की मी 'टिंग' म्हणायचो. चुकलं की "फुर्रर्र" असा लांबलचक आवाज काढायचो, म्हणजे मुलांना आपली चूक कळावी. ही प्रतापची शास्त्रीय कल्पना.

पंधरवड्याने प्रतापने निकाल पाहिले आणि त्याचा चेहरा पडला. अख्ख्या वर्गाला सात आणि एक किती, ते येईनासं झालं होतं.

मंजुळाबाई पदराआड हसत म्हणाल्या, "प्रतापसर, त्यांना येतंय सगळं. त्यांना तुमचा तो फुर्रर्र आवडतो. मुद्दाम चुकतात मेली."

त्या दिवशी उशिरापर्यंत बसून प्रतापने आवाजांची अदलाबदल केली. दुसऱ्या दिवसापासून बरोबर उत्तराला फुर्रर्र. आठवड्याभरात 'अ' तुकडीत इतकं फुर्रर्र होऊ लागलं की पलीकडून विश्राम गुरुजींनी भिंतीवर छडी आपटली. आवाजाचा त्रास होताच. पण मुख्य म्हणजे, आपल्या वर्गातली मुलं फळ्यांच्या फटीला डोळे लावून उभी राहतात, हे त्यांना सहन होईना.

त्यानंतर गुरुजींचा 'विचार' बंद झाला. घोरण्याच्या वेळी मला भलतेच आवाज येऊ लागले. गुरुजी मुलांना ओटीवर नेऊन चिंचोक्यांनी वजाबाकी शिकवायचे. एकदा तर त्यांनी स्वतः दशक होऊन एका पोराला एकक केलं आणि "मला सोड, मला फोड, माझे दहा कर!" असं ओरडत अंगणभर पळवलं. साठीला आलेला माणूस, धोतराचा सोगा हातात. 'ब' तुकडी हसून हसून लोळत होती. माझ्या वर्गातली मुलं आता फटीला डोळे लावून उभी होती, आणि माझा पडदा एकटाच लुकलुकत होता. मला राग आला. पण मला चूक-बरोबर सोडून दुसरं काही म्हणता येत नव्हतं.

माझ्या वर्गात ठमी नावाची मुलगी होती. हिराबाई कोळणीची धाकटी. गेल्या वर्षी ती नापास झाली होती. वर्गात कधी तोंड उघडायची नाही, आणि मंजुळाबाईंनी तिला केव्हाच शेवटच्या रांगेत बसवून टाकलं होतं. एकदा हिराबाई टोपली दाराशी उतरवून वर्गात आली आणि म्हणाली, "बाई, यंदा पास होल तं होल, नायतं मी तिला सुकटीवर बसवतंय. बिचारी हितं बसून तरी काय करतेय?"

मंजुळाबाईंनी ठमीकडे पाहिलं. "बघू या," एवढंच म्हणाल्या. तो 'बघू या' मी कचेरीतही पुष्कळ ऐकला होता. त्याचा अर्थ 'नाही' असा असतो.

ठमी माझ्यापुढे यायची तेव्हा जोडीदार तिला ढकलून सगळ्या कळा स्वतःच दाबायचा. एक दिवस तो आला नाही आणि ठमी एकटीच बसली. मी विचारलं, ५२ वजा १७. तिने सावकाश ४५ दाबलं. मी 'टिंग' म्हणालो. आता टिंग म्हणजे चूक. 'पुन्हा प्रयत्न करा,' मी लिहिलं. तिने पुन्हा ४५ दाबलं. मी पुन्हा टिंग. ६३ वजा २८, तिने ४५. टिंग. तिसरं, चौथं, सगळी चूक. मी एकदाही ओरडलो नाही, ती एकदाही उठली नाही. अशी आमची प्रेमळ निरर्थक बैठक बराच वेळ चालली असती.

पण त्या दिवशी मंजुळाबाईंना काम नव्हतं. मी शिकवत होतो ना! एरवी त्या फळ्याकडे तोंड करून उभ्या असायच्या. आता त्या स्टूल ओढून ठमीच्या पाठीमागे बसल्या, वेळ घालवायला म्हणून. पहिली दोन गणितं त्यांनी कंटाळून पाहिली. मी फिरून ५२ वजा १७ विचारलं, तिने पुन्हा ४५च दाबलं, तेव्हा त्या पुढे सरकल्या.

"थांब गं," त्या म्हणाल्या. "हे पंचेचाळीस कुठून आणलंस?"

पाठीत धपाटा बसणार म्हणून ठमीने मान आत ओढून घेतली.

"मी मारत नाही. सांग मला."

"बाई, दोनातून सात नाय जात," ठमी अगदी हळू म्हणाली. "मंग सातातून दोन काडले. पाच उरले. पाचातून एक काडला, चार. पंचेचाळीस."

मंजुळाबाई आणखी पुढे वाकल्या. "आणि नेहमी असंच करतेस?"

"जाताच नाय त काय करू? मोठ्यातूनच बारका काडाचा ना?"

बाईंनी कपाळाला हात लावला. "अगं बाई, तू चुकत नाहीस. तू एकच गोष्ट न चुकता चुकीची करतेयस! आणि मी दोन वर्षं तुला मठ्ठ म्हणत आले."

मग त्या खाली फरशीवरच बसल्या. बांगड्या मागे सारल्या. एका हातात खराट्याच्या दहा-दहा काड्यांच्या पाच जुड्या, दुसरीकडे दोन सुट्या. "दोनातून सात जात नाहीत, बरोबर. मग शेजारी दशकाच्या घरात जा आणि एक जुडी मागून आण. सोड ती. आता किती झाल्या?"

"बारा."

"आता जातील सात?"

ठमीने काड्या उचलल्या. मग उठून माझ्यापाशी आली आणि वाकड्या पाचावर बोट ठेवण्याआधी ३ दाबला. ३५. मी इतक्या जोरात फुर्रर्र केलं की पलीकडे गुरुजी दचकले असावेत. ठमी हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला वाटतं बाईही.

तेव्हापासून ते स्टूल मागेच राहिलं. बाई रोज एकेका मुलाच्या पाठीशी बसायच्या, आणि रोज कुणाची ना कुणाची अशीच एखादी अजब रीत सापडायची.

मार्चमध्ये परीक्षा झाली. ठमी पास झाली, अगदी वरच्या मुलांत नव्हे, पण खणखणीत. हिराबाईने शाळेत बोंबील पाठवले. मंजुळाबाई शाकाहारी, तेव्हा ते गुरुजींच्या पिशवीत गेले.

निकालाच्या दिवशी मुंबईहून प्रतापच्या संस्थेचे मोठे साहेब आले. निकाल चांगला असेल, तर पुढच्या वर्षी आणखी शाळांत संगणक जाणार होते आणि प्रतापला संस्थेत कायमची नोकरी मिळणार होती. माझी छाती, म्हणजे जे काय असेल ते, फुगली होती. साहेबांनी आकडे पाहिले. 'अ' तुकडी पुष्कळ पुढे गेली होती. 'ब' तुकडीही अगदी तेवढीच पुढे गेली होती.

"म्हणजे संगणकाने काही फरक पडला नाही?" साहेब म्हणाले.

प्रतापने बेरजा पुन्हा करून पाहिल्या.

साहेबांनी चौकशी केली आणि चिंचोके, अंगण, दशक-एकक सगळं बाहेर आलं. त्यांचा चेहरा उजळला. "अहो, मग सोपं आहे. या गुरुजींनी नियम मोडला. नेहमीसारखं शिकवायचं ठरलं होतं. 'ब' तुकडी अहवालातून गाळा. मागच्या वर्षीच्या मुलांशी तुलना करा, म्हणजे फरक दिसेल."

विश्राम गुरुजी दारात उभे होते. ते आत आले. शाळेत ते नेहमी पुस्तकी बोलायचे, पण त्या दिवशी एडवणची बोली तोंडात आली. "साहेब म्हणतात तसाच कर, प्रताप. मी नाय ऐकला तुजा. तुजा डबा जिंकला तं माजी सगळी नोकरी फुकट गेली, असा वाटला मला. माज्यापायी तुजा नुकसान नको. गाळ आमाला."

प्रतापने माझ्या बंद पडद्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माझ्या बाजूने बोलेल. त्यानेच तर मला मास्तर केलं होतं.

"गुरुजी," तो म्हणाला, "तुमची मुलं शिकली की नाही?"

"शिकली तर!"

"मग शिकलेल्या मुलांना गाळून टाकू कुठे?"

त्याने जे घडलं तेच लिहिलं. गुरुजींचं अंगणही लिहिलं आणि बाईंचं स्टूलही. साहेब चहा न घेता गेले. प्रतापची कायमची नोकरी हुकली, पदवी लांबली. त्या संध्याकाळी गुरुजी त्याला जेवायला घेऊन गेले. मला कुणी झाकायचंही लक्षात ठेवलं नाही.

पुढे प्रताप पालघरच्या एका अध्यापक विद्यालयात लागला. एकदा शाळेत आला तेव्हा मंजुळाबाईंना सांगत होता की, शिक्षक व्हायला आलेल्या मुलांना तो पहिल्या दिवशी एकच काम देतो : मूल गणित करत असताना पाठीमागे बसायचं आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही. "निम्म्यांना जमत नाही, बाई. दोन मिनिटांत उत्तर सांगून मोकळे होतात!"

आम्ही चौघं शाळेतच राहिलो. परत न्यायला कुणी आलंच नाही. खाऱ्या वाऱ्याने माझी भावंडं एकेक करून गंजली. माझ्या पोटात पालीने संसार थाटला. सव्वीस जानेवारीला मला पुसायचे, पंधरा ऑगस्टपर्यंत विसरायचे. शेवटी खोली मोकळी करायची म्हणून मला बोईसरला भगवंतच्या दुरुस्तीच्या दुकानात आणून टाकलं. आता १९९८ साल चालू आहे, आणि माझ्या एका बाजूला मिक्सर आहेत, दुसऱ्या बाजूला पाती झडलेले पंखे.

आज कारखान्याच्या पहिल्या पाळीची बस सुटून गेल्यावर एक कामगार आपला बिघडलेला टीव्ही घेऊन आला. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ये कौन सा टीवी है?"

"टीवी नहीं, कंप्यूटर है," भगवंत म्हणाला. "स्कूल में था. बच्चों को गणित सिखाता था."

"अच्छा! फिर, सीखे बच्चे?"

भगवंतने माझ्याकडे पाहिलं आणि खांदे उडवले.

माझ्यात वीज असती तर मी ओरडून सांगितलं असतं : शिकली हो, शिकली! 'अ' शिकली आणि 'ब'ही शिकली! कुणामुळे, ते मात्र मला विचारू नका. त्या प्रश्नाने एका चांगल्या माणसाची नोकरी हुकवली.

बाबांनो, उद्या तुमच्या शाळेत माझा एखादा रंगीत नातू येईल. त्याला हार घाला, नारळ फोडा, माझी हरकत नाही. पोरगा गुणी असेल. फक्त त्याला मुलांपुढे बसवून तुम्ही चहाला निघून जाऊ नका.

भगवंतने पेचकस उचललाय. माझ्यातला एक भाग म्हणे त्या टीव्हीला बसतो. उद्यापासून बोईसरच्या एका भाड्याच्या खोलीत माझ्या जिवावर क्रिकेट दिसेल. मास्तरकी संपली. पण आता निदान पोरं कुणी न सांगता माझ्यापुढे बसतील.