आधी कुणाला

माझे वडील सोनबा वाघोलीत पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. नगर रस्त्याला त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. जळालेली मोटार उघडायची, आतली तांब्याची तार काढून नवी भरायची आणि ती स्वतः जाऊन विहिरीत बसवून यायची, हा त्यांचा धंदा. आसपासच्या बहुतेक विहिरींत ते कधी ना कधी उतरलेले होते. घरात मात्र आईच्या शब्दाबाहेर जात नसत. आईचं डोकं दुखायला लागलं की भाकरी तेच थापायचे, वेड्यावाकड्या. मी हसले की म्हणायचे, "पोटात गेल्यावर कोन बघतंय?" मला शिकवायचं हा त्यांचाच हट्ट. मला खराडीत आयटी कंपनीत नोकरी लागली, तेव्हा पहिले काही दिवस ते उगाचच कंपनीच्या गाडीपर्यंत सोडायला येत.

ही गोष्ट दोन हजार पाच सालची. तेव्हा वाघोलीत सोसायट्या उभ्या राहत होत्या आणि पाणी कुठेच नव्हतं. वडिलांचे बालपणापासूनचे मित्र बजरंगकाका आणि त्यांचा धाकटा भाऊ अनंत यांनी अर्धी जमीन बिल्डरला विकून टँकर घेतला होता. उरलेल्या जमिनीत त्यांची जुनी विहीर होती. पोरंबाळं पडू नयेत म्हणून कधीकाळी वर स्लॅब टाकून ती बंद केलेली. एक माणूस उतरेल एवढंच तोंड ठेवलं होतं. ती पुन्हा चालू करायची असं त्यांनी ठरवलं आणि मोटार बसवायला वडिलांना बोलावलं.

महाराष्ट्र दिनाची सुट्टी होती. मंडईत जाऊन आंबे आणायचे म्हणून मी वडिलांच्या लुनावर मागे बसले होते. वाटेत विहीर बघून पुढे जायचं, एवढंच ठरलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा विहिरीभोवती पाच-सहा माणसं वाकून आत हाका मारत होती. वडिलांची वाट न बघता अनंत खाली उतरला होता. थोड्या वेळाने त्याचा आवाज बंद झाला. काय झालं ते बघायला टँकरचा ड्रायव्हर उतरला. परभणीकडचा, महिनाभरापूर्वीच कामाला लागलेला तरुण. त्याचाही आवाज बंद झाला.

वडिलांनी कुणाला काही विचारलं नाही. लुनाला अडकवलेल्या पिशवीतलं फडकं काढलं, पेटवलं, तारेला बांधून आत सोडलं. ते अर्ध्यातच विझलं.

"कुनी उतरायचं न्हाई," ते म्हणाले. "आत हवा न्हाई. पंक्चरवाल्याचा कंप्रेसर आना. टेम्पोत घालून आना, पायपासकट."

दोघं धावले. तेवढ्यात बजरंगकाका पलीकडच्या बांधावरून पळत आले. त्यांना कुणीतरी फोनवर सांगितलं होतं. पायातल्या चपला त्यांनी पळतापळताच काढल्या आणि सरळ विहिरीच्या तोंडाकडे गेले. वडिलांनी त्यांना कमरेत धरलं.

"सोड मला."

"बजा, थांब. कंप्रेसर येतोय."

"माझा भाऊ हाय खाली. सोड."

काका वडिलांपेक्षा दांडगे होते. त्यांनी कोपर मारलं, वडिलांच्या ओठातून रक्त आलं. तरी वडिलांनी पकड सोडली नाही, त्यांना घेऊन जमिनीवर पडले आणि छातीवर बसले. मग माझ्याकडे बघितलं.

"तनुजा, पाय धर त्याचे."

लहानपणी ज्यांच्या खांद्यावर बसून मी यात्रा बघितली होती त्यांचे पाय मी दोन्ही हातांनी आवळून धरले. ते लाथा मारत होते, शिव्या देत होते, मग रडत होते. "सोनबा, तो मरंल रं. तुझ्या पाया पडतो." वडिलांची मान रस्त्याकडे वळलेली होती. टेम्पो येत नव्हता. आणखी दोन माणसांना त्यांनी काकांचे हात धरायला लावलं आणि स्वतः कमरेला दोर बांधायला लागले.

टेम्पो आला. पाइप खाली सोडला, कंप्रेसर धडधडायला लागला. वडिलांनी पुन्हा फडकं सोडलं. विझलं. थोडं थांबून पुन्हा सोडलं. या वेळी ते पेटतं राहिलं. वडील उतरले.

वरून मला फक्त ताणलेला दोर दिसत होता. मग दोराला हिसका बसला, माणसांनी ओढायला सुरुवात केली. वर आला तो ड्रायव्हर. तोंडाला फेस होता, पण छाती हलत होती. दोर पुन्हा खाली गेला. काकांची धडपड थांबली होती, ते नुसतं विहिरीच्या तोंडाकडे बघत होते. दुसऱ्यांदा अनंत आला. ओला, चेहरा काळानिळा. शेवटी वडील आले आणि तिथेच ओकले.

दवाखान्यात ड्रायव्हर वाचला. अनंत गेला.

तिथल्या आवारातच काकांनी वडिलांना विचारलं, "माझा भाऊ खाली ठेवून त्या परक्याला आधी का काढलंस?"

"तो श्वास घेत व्हता."

"आन् अनंता?"

याचं उत्तर वडिलांनी त्या दिवशी घरी आईला दिलं, "प्रेमला, अनंता पालथा व्हता पान्यात. मी नाडी बघितली, पन माझेच हात चालत नव्हते. कळलंच न्हाई. दुसऱ्याचं कळत व्हतं."

त्यानंतर गावातल्या मोटारी दुकानात यायच्या बंद झाल्या. काकांची भावकी मोठी होती. काका रोज संध्याकाळी दुकानासमोर जीप लावायचे आणि आत बसून राहायचे. बोलायचे नाहीत, उतरायचे नाहीत. वडील मान वर करून म्हणायचे, "ये बजा, चहा घे." काच वर व्हायची. आई धास्तावली. स्वारगेटला तिचा भाऊ राहायचा, तिकडे गाळा बघू म्हणाली. वडील म्हणाले, "मी गेलो तर त्यानं कुनाकडं बघायचं?"

सोसायट्यांचे पंप होते म्हणून दुकान चाललं. ड्रायव्हर बरा होऊन गावी गेला, तो पुन्हा आला नाही. वडिलांनी त्याच्याबद्दल कधी चौकशीही केली नाही. माझं लग्न झालं. काकांना पत्रिका द्यायला वडील स्वतः गेले आणि दारातून परत आले. पुढे जीप यायची थांबली, पण बोलणं सुरू झालं नाही.

विहिरीच्या त्या दिवसानंतर आठ वर्षांनी वडील हृदयविकाराने गेले. तुळापूरला दशक्रिया झाली. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले. सूत्रसंचालक समारोप करणार तेवढ्यात मागून बजरंगकाका उठले आणि माइकपाशी गेले. माझ्या नवऱ्याने माझा दंड धरला. दोन-तीन माणसं पुढे सरकली.

"मी कौतुक करायला आलो न्हाई," काका म्हणाले. "ह्या मानसानं छातीवर बसून मला जगवलं. माझ्या पोरांना बाप ऱ्हायला तो त्याच्यामुळं. ही गोष्ट इतकी वर्सं मी तोंडातून काढली न्हाई. आन् माझा भाऊ त्यानं मागनं काढला. ते मला आजबी खपत न्हाई. दोन्ही खरं हाय. सांगून जातो."

माइक ठेवून ते चालू लागले. आई बायकांमधून उठली. भर मांडवातून चालत गेली आणि त्यांच्या वाटेत उभी राहिली.

"भावजी, जेवल्याबिगर जायचं न्हाई."

"वहिनी, घास उतरायचा न्हाई."

"न उतरला तर ताटात ऱ्हाऊ द्या. बसा."

काका पंगतीच्या टोकाला बसले. मीच वाढलं. अर्ध्या जेवणावरून उठले, आईला हात जोडले आणि गेले.

आता ते थकलेत. रस्त्यात भेटले की गाडी थांबवून आईची तब्येत विचारतात. वडिलांचा विषय ते काढत नाहीत. मीही काढत नाही.