एकांकिकेतला ट्रक

आप्पांनी स्टेअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरलं आणि निकितानं मागच्या पडद्यावर गेम सुरू केला.

परंड्याच्या कॉलेजची एकांकिका होती. पडद्यावर कुवेतचं वाळवंट, लांबच लांब रस्ता, एकामागं एक ट्रक. विंगेत बसून निकिता गेममधलं विमान चालवत होती. ट्रक पेटला की कोपऱ्यात शंभर गुण चढायचे. पडद्यापुढं बाकड्यावर ड्रायव्हर म्हणून आप्पा आणि शेजारी क्लीनर म्हणून त्यांची मुलगी, निकिताची वर्गमैत्रीण प्रतीक्षा. नाटक तिनंच बसवलेलं. आप्पा तरुणपणी कुवेतला खरोखरच ट्रक चालवायचे. तिथल्या लढाईत सापडले, कसेबसे परतले, आणि त्यावर पुन्हा कधी बोलले नाहीत. नाटकाच्या निमित्तानं तरी तोंड उघडतील, असं तिला वाटलं होतं.

"म्या नुसता बसंन. बोलायचं कायबी न्हाय," एवढ्याच अटीवर ते तयार झाले होते.

पहिला ट्रक पेटला. मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. दुसरा पेटला. आता आप्पांनी हात वर करायचे होते.

"आप्पा, हात," प्रतीक्षा पुटपुटली.

त्यांनी तिचं मनगट धरलं, तिला खसकन बाकड्याखाली ओढलं आणि तोंडावर पंजा दाबला. सभागृहात टाळ्या पडल्या.

"रडू नको, कोंडीराम. गप. आवाज झाला तर परत फिरतंय ते इमान."

कॉलरला लावलेल्या माइकमधून ती कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत गेली. कोंडीराम म्हणजे प्रतीक्षाचा मामा. आप्पांसोबत कुवेतला गेला, तो आलाच नाही. उन्हानं गेला, असं आप्पांनी घरी सांगितलं होतं.

पंजा नाकावर सरकला. प्रतीक्षानं पाय झाडले, नखं रुतवली. श्वास मिळेना.

"काय काम करायलाय हो म्हातारा!" कुणीतरी ओरडलं.

निकितानं भांबावून गेम थांबवला. स्फोटांचे आवाज बंद झाले, तसा पंजा सैल पडला.

"गेलं बघ," आप्पा तिचे गाल हलकेच थोपटत म्हणाले. "ऊठ आता. कोंडीराम, ऊठ की."

प्रतीक्षा धापा टाकत उठून बसली. आप्पा दचकून मागं सरकले आणि तिच्याकडं बघतच राहिले.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पहिल्या रांगेत द्वारकाबाई, प्रतीक्षाची आई, कोंडीरामची थोरली बहीण, तेवढी बसून होती. ती नवऱ्याच्या पंजाकडं बघत होती.