पाच नंबरचं बटण

"बाबा, उतरा आता शिडीवरून. ती वायर आपल्याला लागणार नाहीये," मुलगा खालून म्हणाला.

"लागणार नाही म्हणूनच काढतोय ना! की ठेवू लोंबकळत शोभेला?" असं म्हणत केबलकाकांनी पक्कड दाबली. वायर तुटून खाली पडली.

एकतीस वर्षांपूर्वी ही वायर त्यांनीच ओढली होती. तेव्हा गल्लीत कुणाचं चित्र हललं, तर लोक काकांना भरल्या ताटावरून उठवून न्यायचे. पुढे घरोघरी इंटरनेट आलं आणि एकेका गिऱ्हाइकाने काढता पाय घेतला. शेवटी एकच घर उरलं, ते काकांचं स्वतःचं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत त्यांची यंत्रं होती. गेले दोन महिने ती सगळी यंत्रं ते एकट्या बायकोसाठी चालवत होते. आज ती खोली रिकामी करून द्यावी लागली.

दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि तिची वाचा गेली, उजवी बाजू गेली. खाणं, न्हाणं, कूस बदलणं, सगळंच दुसऱ्याच्या हातात गेलं. तिच्या मालकीचा उरला तो डावा अंगठा. रोज संध्याकाळी साडेसातला ती त्या अंगठ्याने रिमोटवरचं पाच नंबरचं बटण दाबायची आणि आपली मालिका आपण लावायची. काका मदतीला गेले की त्यांचा हात झिडकारायची. झिडकारलं की काकांना फार बरं वाटायचं.

ती मालिका खरं तर दोनशे चौदा नंबरवर लागायची. तीन आकडे तिला जमेनात. पाचचं बटण मधोमध, त्यावर बारीक उंचवटा, न बघता सापडणारं. मग काकांनी ते चॅनलच उचलून पाचवर आणून ठेवलं. एका घरापुरतं करता येईना, म्हणून सगळ्या गल्लीचं बदललं. पाचवरच्या बातम्या कुठे गेल्या म्हणून लोक तावातावाने दारात आले, तेव्हा काकांनी तोंड वर करून सांगितलं, "वरूनच बदललंय. मी काय करणार?" सगळ्या धंद्यात त्यांनी केलेली एवढीच लबाडी, आणि तिचा त्यांना अभिमान होता.

सात वाजून गेल्यावर मुलाने आईच्या हातात नवा रिमोट दिला. काळा, वीतभर, वर एक गोल चकती. आकडा एकही नाही.

"आई, आता साडेसातची वाट बघायलाच नको. वाटेल तेव्हा लाव."

"वाट बघण्याशिवाय तिला दिवसभर दुसरं काम काय असतं रे?" काका म्हणाले.

"तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट काढायचीच असते. अहो, बटणंसुद्धा दाबावी लागत नाहीत. नुसतं मालिकेचं नाव घेतलं की..."

मुलाने जीभ चावली. आईकडे न बघता तो टीव्हीमागची धूळ पुसू लागला.

साडेसात झाले. तिने अंगठा दाबला. पडद्यावर प्रश्न आला, 'कोण बघतंय?' खाली तीन रंगीत चेहरे होते आणि त्यांची नावं. मुलाचं, सुनेचं, नातीचं. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत बघत गेली. मग पुन्हा पहिल्यापासून.

"तुझ्या आईचं कुठाय?" काकांनी विचारलं.

"राहिलंच की. करतो नंतर. आई, माझ्यावर दाब. काय फरक पडतो?"

तिचा अंगठा चकतीवरून घसरला आणि नातीचं कार्टून सुरू झालं. पुन्हा दाबलं तर तेच कार्टून मोठ्याने ओरडायला लागलं. तिसऱ्यांदा पडदा काळा झाला. तिच्या कपाळावर घाम आला होता.

"राहू दे, मी लावतो," असं म्हणत काकांनी सवयीने हात पुढे केला, आणि झिडकारून घेण्याची वाट बघत थांबले.

तिने रिमोट त्यांच्या हातात देऊन टाकला.

 काकांनी चकती इकडेतिकडे फिरवून पाहिली. काहीच कळेना, तेव्हा त्यांनीही रिमोट मुलापुढे धरला.

मुलाने मालिका लावली. चित्र लख्ख होतं, आवाज खणखणीत. केबलवर इतकं स्वच्छ कधीच आलं नव्हतं, हे काकांना मनातल्या मनात कबूल करावं लागलं. तिला तसं सांगावं म्हणून ते वळले.

तिने डोळे मिटून घेतले होते.