फळ्यावर चढलेली सुईमावशी

मी एक जुना फळा आहे. सध्या पालथा पडलोय, तोंड गटाराकडे आणि पाठ तुमच्या स्कूटरींकडे, म्हणून आवाज जरा घोगरा येईल. पण मित्रांनो, एके काळी या गल्लीत माझ्या परवानगीशिवाय कुणी मरतसुद्धा नसे.

माझा जन्म एका मोडक्या जेवणाच्या टेबलाच्या पोटी झाला. सुताराने पाय काढून घेतले, काळा रंग फासला आणि गल्लीच्या तोंडाशी, टेलरमामाच्या दुकानाबाहेर मला खिळ्यांवर टांगलं. टेलरमामाचं अक्षर वळणदार, आणि कापडावर खुणा करायचा चपटा खडू कायम त्याच्या कानावर. रोज सकाळी तो शटर वर करी, ओल्या चिंधीने माझं तोंड पुशी आणि गल्लीच्या बातम्या लिही. उद्या पाणी येणार नाही. तिसऱ्या मजल्यावरच्यांना मुलगी झाली. दातांची कवळी सापडली आहे, ज्याची असेल त्याने हसून ओळख पटवावी आणि घेऊन जावी.

माझा दरारा काय सांगू! एकदा टेलरमामाने झोपेच्या भरात रविवारच्या जागी सोमवार लिहिलं. अख्खी गल्ली डबे घेऊन कामावर गेली, बंद फाटकांपुढे दिवसभर उभी राहिली आणि संध्याकाळी दमूनभागून घरी आली. कुणी चकार शब्द काढला नाही. फळ्यावर लिहिलंय ना, मग सोमवारच! सूर्यसुद्धा त्या दिवशी घाईघाईने उगवला होता, असं दूधवाला शपथेवर सांगतो. तेव्हापासून नियमच पडला, की फळ्यावर चढलेलं घडल्याशिवाय उतरायचं नाही.

आनंदाची बातमी लोक चालता चालता वाचत. वाईट बातमीला मात्र पिशवी खाली ठेवून उभे राहत. मलाही मग तीच आवडू लागली. गर्दी कुणाला नको असते?

माझ्या शेजारच्या खोलीत सुईमावशी राहायची. नर्स होती. नोकरी सुटली, पण हातची सुई सुटली नाही. गल्लीतला एकही बाप्या असा नव्हता, जो तिच्यापुढे पँट सैल करून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला नव्हता. "अरे, इतकं आवळून काय धरतोस? तिजोरी आहे का तुझी?" असं ती म्हणायची, आणि तो हसेपर्यंत सुई टोचून मोकळी. तिला मागेपुढे कुणी नव्हतं. एक भाचा होता, परगावी. त्याला तिनेच लहानाचा मोठा केला होता.

एका सकाळी ती जवळजवळ नाचतच आली. "टेलर, लिही रे! भाच्याने बोलावलंय. कायमचं!"

टेलरमामाने खडूला टोक काढलं आणि लिहिलं, 'आपल्या सर्वांच्या लाडक्या सुईमावशी भाच्याकडे कायमच्या राहायला जात आहेत. निरोप समारंभ फळ्यासमोर.' अगदी खालच्या ओळीत लिहिलं, 'रविवारी सायंकाळी.'

मावशीच्या खोलीचा मालक तोच गल्लीचा अध्यक्ष. मला वाचताना त्याच्या मिशासुद्धा हसल्या. जावयाला मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकून द्यायचं होतं, आणि रस्त्याला लागून खोली होती ती एकच. गोड बोलून त्याने त्याच दिवशी दाराची दुसरी किल्ली मागून घेतली. मावशीने आनंदात दिलीसुद्धा.

रविवार यायच्या आधीच, एका दुपारी मावशी पुन्हा माझ्यासमोर आली. या वेळी पाय ओढत.

"टेलर, पूस रे ते."

"का हो मावशी? नाव चुकलं का?"

"भाच्याचा फोन आला. त्याचे सासूसासरे यायचेत राहायला. मला म्हणतो, तुझं पुढे कधीतरी बघू."

टेलरमामाने कात्री खाली ठेवली. "मग जा की पुढे कधीतरी. पण समारंभ... चढलेलं उतरवलं तर उद्या या फळ्याला कोण विचारील? तुमच्यासाठी बॅगसुद्धा आणून ठेवलीय. चाकांची."

"बॅग घाल चुलीत! अरे, तिकडे मला राहायला जागा नाही."

तोवर माणसं जमली. बातमी वाईट होती ना! मालकही आला. "मावशी, जावई कपाटांची मापं घेऊन गेला. आता मी त्याला काय सांगू? शब्द तुमचाच. तो बघा, फळ्यावर आहे."

"अहो, माझ्या हातापाया पडून इंजेक्शन घेत होतात तुम्ही!"

"त्याचे आभार समारंभात मानणारच आहे मी."

तिसऱ्या मजल्यावरची वहिनी हिरमुसली. "म्हणजे जात नाही तुम्ही? मी भाषण पाठ केलं हो." मागून कुणीतरी पुरुषी आवाजात बोललं, "कौतुक करून घ्यायचं आणि मग बूड हलवायचं नाही. बरंय!" लोक हसले.

मावशी पुढे झाली आणि तळहाताने मला पुसू लागली. तशी ती बुटकी. टाचा उंचावल्या, तरी हात खालच्या ओळीपर्यंतच पोचला. 'रविवारी सायंकाळी' एवढंच गेलं. वरचा मजकूर जसाच्या तसा. ती धापा टाकत, पांढऱ्या तळहाताने उभी राहिली. हात द्यायला कुणी पुढे आलं नाही. मीही खिळ्यावरून खाली घसरलो नाही. मला घसरता येत नाही.

मालकाने टेलरमामाच्या कानावरचा खडू काढला आणि मोकळ्या जागेत लिहिलं, 'आज.'

"मावशींनीच तारीख बदलली," तो म्हणाला. "घाई त्यांनाच आहे."

टेलरमामाने रिकामा कान चाचपला. शेवटी एवढंच पुटपुटला, "अक्षर फार वाईट आहे हो तुमचं."

संध्याकाळी माझ्यासमोर खुर्च्या मांडल्या गेल्या. वहिनीने भाषण केलं, स्वतःच रडली, स्वतःच टाळ्या वाजवल्या. मालकाने हात जोडून इंजेक्शनांचे आभार मानले. मग माईक मावशीच्या हातात आला.

"मी जात नाहीये," मावशी म्हणाली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. "पाय निघत नाही हो बिचारीचा!" वहिनी म्हणाली.

"माझी खोली..."

"बघा! खोलीवरसुद्धा किती माया!" मालकाने माईक काढून घेतला.

जावई तेवढ्यात चाकांची बॅग घेऊन तिच्या खोलीत गेला होता. मावशीचा सगळा संसार त्या एका बॅगेत मावला, वर जागा उरली. त्याने ती ओढत आणून रिक्षात ठेवली आणि खोलीला नवं कुलूप घातलं. मावशीला हाताला धरून बसवलं. रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "कुठे जायचं?"

मावशीने माझ्याकडे बोट दाखवलं. रिक्षावाल्याने मला मोठ्याने वाचलं. "भाच्याकडे. बरं. पण भाचा राहतो कुठे?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मित्रांनो, माझ्यावर ते लिहिलेलंच नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

"स्टेशनवर सोड," मालक म्हणाला. "तिथून सगळीकडे गाड्या जातात."

सगळ्यांनी हात हलवले. रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली तरी वहिनी हात हलवतच होती.

दुसऱ्या दिवशी टेलरमामाने सुंदर अक्षरात लिहिलं, 'निरोप समारंभ उत्साहात पार पडला.' आनंदाची बातमी होती. लोकांनी ती चालता चालता वाचली.

त्या खोलीत मोबाइलचं दुकान निघालं, आणि बघता बघता गल्लीत ज्याच्या त्याच्या हातात एकेक चिमुकला फळा आला. मला कुणी वाचेना. टेलरमामाचे डोळे अधू झाले, तो मला पुसायचंही विसरला. माझा रंग उडाला, कडा फुगल्या. मग जावयाला दुकानापुढच्या गटारावर टाकायला फळी हवी होती. माझा काही निरोप समारंभ झाला नाही. खिळे उपटले, पालथा टाकला, झालं.

मला उचला, पुन्हा रंग द्या, असं मी म्हणणार नाही. टेबलाच्या पोटचा मी, तुमचं वजन सोसेन. पण मित्रांनो, उद्या तुमच्या हातातल्या फळ्यावर कुणाचं तरी जाणं चढेल. त्याखाली सगळे अंगठे दाखवतील, फुलं टाकतील. तुम्ही तेवढं जिना उतरून खाली जा. जाणाऱ्याला विचारा, "कुठे?" आणि नीट उत्तर मिळेपर्यंत रिक्षा सुटू देऊ नका.